सामाईक अवयव बाहेर काढणारा दिग्दर्शक

२००० नंतरच्या दशकात शाळेत असलेल्या कुणालाही 'ताकेशीज कॅसल' आठवत असेल. पोगोवर लागायचं. चिखलात धपाधप पडणारी माणसं, उतारावरून अंगावर येणारे भलेमोठे गोळे आणि वर जावेद जाफरीची हिंदी बडबड. शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात टाकायचं आणि जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता होता. त्या किल्ल्याचा धनी म्हणून मिरवणारा माणूस कोण, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मूळ जपानी कार्यक्रम १९८६ मध्ये सुरू झालेला, आणि तो माणूस म्हणजे ताकेशी कितानो. याच माणसाच्या चित्रपटाला १९९७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गोल्डन लायन हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

मला हे कळलं तेव्हा आधी खरं वाटेना. मग त्याचे चित्रपट पाहत गेलो आणि दुसराच प्रश्न पडला. हा माणूस कधी कुठल्या चित्रपट संस्थेत गेला नाही, कुणा दिग्दर्शकाच्या हाताखाली राहिला नाही. मग त्याला हे जमलं कसं? 'उपजत प्रतिभा' एवढ्या उत्तराने माझं समाधान होत नाही. मला जे उमगलंय ते सोपं करून सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी जपानमध्ये दिग्दर्शक कसे तयार व्हायचे ते पाहू. तिथे मोठे स्टुडिओ होते: शोचिकू, तोहो, तोएई, निक्कात्सू. पोरगा परीक्षा देऊन स्टुडिओत लागायचा आणि सहायक म्हणून उमेदवारी सुरू करायचा. क्लॅप धरायची, गर्दीचे प्रसंग सांभाळायचे, पटकथा लिहून दाखवायच्या. अकिरा कुरोसावा १९३६ मध्ये असा सहायक म्हणून लागला आणि त्याचा पहिला चित्रपट आला १९४३ मध्ये. म्हणजे सात वर्षं उमेदवारी. त्या काळात माणूस सिनेमाचं व्याकरण अंगी मुरवायचा. आधी लांबून सगळी जागा दाखवायची, मग जवळ जायचं. एकजण बोलला की दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा. मारामारी असेल तर कोण कुठे उभा आहे हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. ही घडी टीव्हीने विस्कटली. १९५८ साली जपानमध्ये ११२ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली होती. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हा आकडा इतका घसरला की स्टुडिओंना नवे उमेदवार घेणंच परवडेना. ऐंशीच्या दशकात जपानी सिनेमाला बाहेरून माणसं आली ती या रिकाम्या झालेल्या जागेतून. कितानो त्यांच्यातला एक.

त्याचा जन्म १८ जानेवारी १९४७ चा, टोकियोच्या अदाची भागातला. वडील किकुजिरो रंगारी, घरात ओढगस्त. आई साकी शिक्षणाच्या बाबतीत कडक; मुलांनी इंजिनिअर व्हावं, पोटापाण्याला लागावं हा तिचा ध्यास. ताकेशी मेइजी विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेला आणि शिक्षण अर्धवट सोडून बाहेर पडला. (विद्यापीठाने पुढे २००४ मध्ये त्याला विशेष पदवी दिली.) १९७२ च्या सुमारास तो पोचला आसाकुसात. ही टोकियोची जुनी करमणुकीची पेठ. तिथे फ्रान्स-झा नावाचं थिएटर होतं. मुख्य आकर्षण नग्न नृत्याचं, आणि दोन नृत्यांच्या मधे विनोदी नकला. कितानोला तिथे काम मिळालं ते लिफ्ट चालवण्याचं.

त्या थिएटरात सेन्झाबुरो फुकामी हे जुने विनोदी नट होते. लिफ्टमधल्या या पोराला त्यांनी हाताशी धरलं, टॅप डान्स शिकवला, नकलांमध्ये उभं केलं. कितानोला आयुष्यात खरा गुरू कुणी भेटला असेल तर हा. पण त्याने शिकवलं ते रंगमंचावर उभं राहणं. कॅमेऱ्याचा त्यात कुठे संबंधच नव्हता.

इथून पुढे मान्झाई. मान्झाई म्हणजे दोघांनी माइकसमोर उभं राहून केलेली विनोदी जुगलबंदी. एक बोके, म्हणजे वेड्यासारखं, उलटंसुलटं बोलणारा. दुसरा त्सुक्कोमी, म्हणजे त्याला टोकणारा, जागेवर आणणारा. आपल्या तमाशातल्या बतावणीशी याचं नातं जोडायचा मोह होतो, पण मान्झाईत कथा, वेष, सोंग काहीच नसतं. दोन माणसं, एक माइक, बस्स. कितानोने कियोशी नावाच्या जोडीदाराबरोबर 'टू बीट' ही जोडी काढली. एक 'बीट ताकेशी', दुसरा 'बीट कियोशी'. १९८० च्या आसपास जपानी टीव्हीवर मान्झाईची लाट आली आणि ही जोडी घराघरात पोचली. ताकेशी मशिनगनसारखा बोलायचा, म्हाताऱ्यांवर, कुरूप माणसांवर, कुणावरही घसरायचा. कियोशी मधूनच 'पुरे कर रे' म्हणायचा. त्यांचं एक वाक्य तर जपानी भाषेत म्हणीसारखं रुळलं: लाल दिवा असला तरी सगळ्यांनी मिळून रस्ता ओलांडला तर भीती कसली.

मान्झाईत सगळा खेळ 'मा'चा असतो. मा म्हणजे दोन गोष्टींमधली मोकळी जागा. बोलणं थांबल्यावर किती वेळ गप्प राहायचं, हे कळलं तर हशा, नाही तर शुकशुकाट. कितानोने वर्षानुवर्षं, रोज रात्री, जिवंत माणसांसमोर एवढ्याच गोष्टीचा रियाज केला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्या चित्रपटांतली गोळी याच हिशेबाने सुटते.

सिनेमात त्याला पहिलं मोठं काम दिलं दिग्दर्शक नागिसा ओशिमाने, 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स'मध्ये, १९८३ साली. युद्धकैद्यांच्या छावणीतला हारा नावाचा क्रूर सार्जंट. गंभीर भूमिका. प्रेक्षकांची प्रतिक्रिया पाहायला कितानो गुपचूप थिएटरात जाऊन बसला. पडद्यावर त्याचा चेहरा आला आणि अख्खं थिएटर हसायला लागलं. तो अजून काही बोललाही नव्हता. त्यांना फक्त टीव्हीवरचा ताकेशी दिसला होता. हा प्रसंग त्याने स्वतः अनेकदा सांगितला आहे. त्यानंतर तो टीव्हीवर गुन्हेगारांच्या, खुन्यांच्या भूमिका मागून घेऊ लागला. आपला चेहरा पाहून लोकांनी हसू नये, यासाठी त्याला काही वर्षं झगडावं लागलं.

दिग्दर्शनात तो अपघातानेच आला. शोचिकू एक पोलीसपट काढणार होती, दिग्दर्शक किंजी फुकासाकू, नायक कितानो. फुकासाकू म्हणजे गुंडपटांनी सत्तरचं दशक गाजवलेले, मुरलेले गडी. पण तारखा जुळेनात. कितानोचे टीव्हीचे कार्यक्रम आठवडाभर बांधलेले. फुकासाकू बाहेर पडले. निर्मात्याने कितानोलाच विचारलं, तूच करतोस का? १९८९ मध्ये 'व्हायलंट कॉप' आला तो असा. दिग्दर्शक बेचाळीस वर्षांचा, आणि त्याचा हा पहिलाच चित्रपट.

सुरुवातीचाच प्रसंग पाहा. काही पोरं एका बेघर म्हाताऱ्याला बदडतात आणि सायकलींवरून घरी जातात. इन्स्पेक्टर अझुमा त्यांतल्या एकाच्या मागे त्याच्या घरापर्यंत जातो. चांगलं मध्यमवर्गीय घर. दार आई उघडते. तो वर पोराच्या खोलीत जातो, त्याला ठोकतो आणि उद्या पोलीस ठाण्यात येऊन कबुली दे म्हणून सांगून निघतो. संगीत चढत नाही, आरडाओरडा नाही, कॅमेरा हलत नाही. रंगमंचावरची नक्कल पहिल्या रांगेतून पाहावी तसं आपण ते पाहतो. आणि मग अझुमा चालतो. नुसता चालतो, पुलावरून, लांबलचक. व्याकरण शिकलेला दिग्दर्शक ते चालणं दोन सेकंदांत कापेल. कितानो कापत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कितानोने आपली रीत समजावताना सिनेमाची तुलना बीजगणितातल्या अवयव पाडण्याशी केली आहे. इंजिनिअरिंग सोडलेल्या माणसाला हेच सुचणार. आठवीच्या पुस्तकात आपण शिकतो: क्षअ + क्षब + क्षक. प्रत्येक पदात 'क्ष' आहे, म्हणजे तो सामाईक अवयव. तो कंसाबाहेर काढायचा: क्ष(अ + ब + क). उत्तर तेच, लिहायला जागा मात्र कमी.

आता क्ष म्हणजे एक मारेकरी समजा, आणि अ, ब, क ही त्याने मारलेली माणसं. साधा चित्रपट काय करेल? क्ष अ-च्या घरी जातो, मारतो. मग ब-कडे जातो, मारतो. मग क. तीन प्रसंग, तीन धावपळी, तीनदा पिस्तुलाचा आवाज. कितानो म्हणतो, क्ष एकदाच दाखवू. त्याला पिस्तूल हातात घेऊन रस्त्याने चालताना दाखवू, आणि मग अ पडलेला, ब पडलेला, क पडलेला. मधलं प्रेक्षक आपल्या मनात पुरं करतो. एखाद्याला मारतानाही दाखवलं नाही तरी चालतं.

ऐकायला ही वेळ वाचवायची युक्ती वाटते, पण प्रेक्षकावर तिचा परिणाम वेगळाच होतो. मारामारी डोळ्यांसमोर घडली की आपण तिच्यात रंगतो. कोण जिंकतो ते पाहतो, थोडी मजाही येते. फक्त परिणाम दिसला, निश्चल पडलेला माणूस दिसला, की मजा घ्यायला जागाच उरत नाही. म्हणूनच कितानोच्या चित्रपटांत हिंसा भरपूर असूनही ती पाहताना चेव येत नाही, माणूस गप्प होतो. मला वाटतं, त्याच्या चित्रपटांना निव्वळ रक्तपात म्हणून बाजूला ठेवणारे इथे चुकतात.

याचं सर्वात नितळ उदाहरण 'सोनाटीन', १९९३ चा. टोकियोतली एक टोळी ओकिनावाला पाठवली जाते, तिथे घात होतो, आणि उरलेले जण समुद्रकाठच्या एका घरात लपून राहतात. आता वाट पाहायची. गुंडपट इथे जणू सुट्टीवर जातो. ही माणसं कागदाचे पैलवान करून सुमोचा खेळ खेळतात, मग स्वतःच वाळूवर तसेच ताठ उभे राहून कुस्ती करतात. वाळूत खड्डे खणून एकमेकांना पाडतात. रात्री शोभेच्या दारूची लढाई. बराच वेळ हेच चालतं. पहिल्यांदा पाहताना मी अस्वस्थ झालो होतो, गोष्ट पुढे का सरकत नाही म्हणून. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा कळलं की मरणाच्या दारात बसलेली माणसं अशीच पोरं होऊन खेळणार.

आणि मग एका दुपारी दोघं किनाऱ्यावर चकती फेकून खेळत असतात. कोळ्याच्या वेषातला एक माणूस शांतपणे जवळ येतो आणि एकाच्या कपाळात गोळी घालतो. इशारा नाही, वाद्यं नाहीत. खेळ, आणि त्याच चालीत मरण. मान्झाईत बोके जसं भलत्या क्षणी भलतं बोलून जातो, तशी ही गोळी येते. त्याच्या दोन कौशल्यांचा सांधा मला इथे दिसतो: हशा आणि धक्का एकाच जागेवर उभे असतात, त्या 'मा'मध्ये. शेवटची मोठी चकमक तर कितानो आपल्याला नीट दाखवतही नाही. अंधार, हॉटेलच्या खिडक्यांत लखलखणारा प्रकाश, आणि आवाज. कंस सोडवायचं काम आपलं.

जपानमध्ये 'सोनाटीन' चालला नाही. कान महोत्सवात दाखवला गेला, युरोपातल्या समीक्षकांनी उचलून धरला, घरी मात्र लोकांना टीव्हीवरचा विदूषकच हवा होता.

स्वतः शिकलेला माणूस प्रत्येक चित्रपटातून काहीतरी वजा करत जातो, हे त्या काळातल्या यादीत स्पष्ट दिसतं. दुसऱ्या चित्रपटात, 'बॉइलिंग पॉइंट'मध्ये, त्याने पार्श्वसंगीतच काढून टाकलं. तिसऱ्यात, १९९१ च्या 'अ सीन ॲट द सी'मध्ये, नायक-नायिकेचं बोलणं काढून टाकलं. कचरा उचलण्याच्या गाडीवर काम करणारा कर्णबधिर मुलगा, त्याला कचऱ्यात सापडलेली मोडकी सर्फिंगची फळी, आणि किनाऱ्यावर त्याचे कपडे घडी करून बसणारी, त्याच्यासारखीच कर्णबधिर मैत्रीण. एवढीच गोष्ट. याच चित्रपटापासून त्याने संकलन स्वतःच्या हातात घेतलं, आणि संगीताला आला 'जो हिसाइशी' नावाचा संगीतकार, ज्याचे सूर 'डॉल्स'पर्यंत अनेक चित्रपटांत त्याच्या शांततेला धरून वाहत राहिले.

ऑगस्ट १९९४ मध्ये कितानोचा स्कूटरवर भीषण अपघात झाला. जीव वाचला, पण चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. मुळातच थोडं दाखवणारा तो चेहरा आता आणखी थोडं दाखवू लागला. दवाखान्यातून आल्यावर तो चित्रं काढू लागला. तीही कुणाकडे न शिकता: फुलांची डोकी असलेले प्राणी, ठिपक्यांनी भरलेली आकाशं. ही चित्रं 'हाना-बी'मध्ये दिसतात. चित्रपटात ती काढतो होरिबे, गोळी लागून चाकाच्या खुर्चीत जखडलेला पोलीस.

'हानाबी' म्हणजे जपानीत शोभेची दारू. मूळ शब्द दोन चित्रलिपींचा, फूल आणि आग. कितानोने शीर्षकात मधे आडवी रेघ मारून दोन्ही वेगळे केले. नायक निशी, नोकरी सोडलेला पोलीस. मुलगी आधीच गेलेली, बायको असाध्य आजाराने दिवस मोजतेय, सहकारी जायबंदी, सावकार गुंड मागे लागलेले. निशी भंगारातून जुनी टॅक्सी घेतो, तिला पोलीस गाडीचा रंग देतो, गणवेश चढवतो आणि बँक लुटायला जातो. आता येणार दरोड्याचा थरारक प्रसंग, असं आपण धरून चालतो. येतं काय? बँकेतल्या सुरक्षा कॅमेऱ्याचा मूक पडदा. एक माणूस आत येतो, पिस्तूल दाखवतो, पैसे घेतो, जातो. पोस्टात मनीऑर्डर करून यावं इतक्या शांतपणे.

मग तो बायकोला घेऊन प्रवासाला निघतो. गाडीत ती पत्ते दाखवते, तो न बघता ओळखतो. खरं तर समोरच्या आरशात पाहून ओळखत असतो. शोभेच्या दारूचा नळा पेटत नाही, हा वाकून बघायला जातो आणि तेव्हाच तो उडतो. ती हसते. जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर ती एक शब्द बोलत नाही. शेवटी समुद्रकाठी, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, दोनच गोष्टी बोलते: आभार मानते आणि माफी मागते. दीड तास राखून ठेवलेली ती शांतता त्या दोन शब्दांसाठी होती. मी हा प्रसंग कितीदा पाहिला असेन, दर वेळी तिथे आवंढा येतो.

गोल्डन लायन मिळाला तो या चित्रपटाला. त्याआधी जपानी चित्रपटाने तो मिळवून ३९ वर्षं झाली होती. मग कुठे घरच्यांनी दिग्दर्शक म्हणून दखल घेतली. १९९९ मध्ये त्याने वडिलांच्या नावाचा 'किकुजिरो' काढला: आईच्या शोधात निघालेला एक मुलगा आणि त्याच्याबरोबर पाठवलेला एक उनाड, रिकामटेकडा काका. २००३ च्या 'झातोइची'मध्ये आंधळ्या तलवारबाजाची जुनी, लोकप्रिय गोष्ट हातात घेतली, केस सोनेरी रंगवून स्वतः नायक झाला. त्यात शेतकरी तालावर कुदळी मारतात, आणि शेवटी अख्खं गाव लाकडी खडावांवर टॅप डान्स करतं. फुकामींनी आसाकुसात शिकवलेला तो टॅप, तीस वर्षांनी. व्हेनिसमध्ये या चित्रपटासाठी त्याला उत्कृष्ट दिग्दर्शकाचा सिल्व्हर लायन मिळाला.

यानंतरचे तीन चित्रपट, 'ताकेशीज'पासून 'अकिलीज अँड द टॉरटॉइज'पर्यंत, स्वतःबद्दलच आहेत, आणि ते मला फार भिडले नाहीत. आरशात बराच वेळ पाहिल्यासारखं होतं. २०१० च्या 'आउटरेज'ने तो पुन्हा गुंडांकडे वळला, पण उलट्या अंगाने. इथली माणसं गप्प बसतच नाहीत, एकमेकांवर सतत खेकसत असतात. त्या शिवीगाळीची लय ऐका: एक टाकतो, दुसरा झेलतो, पहिला चढवतो. ती मान्झाईच आहे, फक्त हसायला कुणी नाही. सोळाव्या शतकातल्या सत्तेच्या खेळावरचा 'कुबी' २०२३ मध्ये आला, तेव्हा तो सत्तरी ओलांडून पुढे गेलेला. २०२४ मध्ये व्हेनिसला त्याने 'ब्रोकन रेज' दाखवला, जेमतेम तासाभराचा. पहिल्या अर्ध्यात भाडोत्री मारेकऱ्याची गंभीर गोष्ट. दुसऱ्या अर्ध्यात तीच गोष्ट, तेच प्रसंग, विनोदी. क्ष तोच, कंस दोन.

पाहायला सुरुवात करायची तर माझं ऐका, 'सोनाटीन' आधी लावू नका. त्यातली वाट पाहण्याची सवय अंगी नसेल तर तो सुटून जातो. 'किकुजिरो' आधी पाहा, घरच्या मुलांनाही जवळ बसवून. त्यात एक त्रासदायक प्रसंग आहे, तेवढा आधी आपण पाहून ठेवा. मग 'हाना-बी', एकट्याने, रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. बँकेचा प्रसंग आला की आवाज वाढवायला जाऊ नका. तिथे तो मुद्दामच नाहीये.